एक मजकूर, अनेक पाने



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. हमाल-मापाऱ्यांची संघटना बांधणारा माणूस महागाईवर बोलेल, हमालीच्या दरावर बोलेल, फार तर कांद्याच्या निर्यातीवर बोलेल. संगणकाच्या पडद्यावरील पाने कशी जुळवतात याच्याशी त्याचा काय संबंध? चालकांनीही मला हाच प्रश्न विचारला होता. त्यांना जे उत्तर दिले तेच आरंभी आपल्यालाही देतो. मी या विषयाकडे हौसेने आलेलो नाही. एका चुकीने मला त्याच्याकडे ढकलले. ती चूक माझ्या हातून घडली आणि तिची किंमत दुसऱ्यांनी मोजली. म्हणून प्रथम ती हकीकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेने सभासदांसाठी इंटरनेटवर पाने तयार करून घेतली. तीन गावांची तीन आवारे, म्हणून तीन पाने. प्रत्येक पानावर वर संघटनेचे नाव, खाली कार्यालयाचा पत्ता, आणि मध्ये हमालीचे दर : गोणी उतरविण्याचे इतके, थप्पी लावण्याचे इतके, गाडी भरण्याचे इतके. ज्या मुलाने हे काम केले त्याने पहिले पान मन लावून तयार केले आणि उरलेली दोन त्याच्यावरून उतरवून घेतली. दहा मिनिटांचे काम! आम्ही सर्वांनी त्याची पाठ थोपटली. पुढे नवा करार झाला, दर वाढले. मी स्वतः बसून पानांवरील आकडे बदलले. दोन पानांवरचे बदलले; तिसऱ्यावरचे राहून गेले. त्या आवारातील टोळीचा मुकादम दर आठवड्याला फोनवर आमचेच पान उघडून कारकुनाला दाखवी आणि त्याप्रमाणे मजुरी घेई. सात आठवडे त्या टोळीने जुन्या दराने पाठीवर गोण्या वाहिल्या. चूक ध्यानात आल्यावर आम्ही फरक मागितला, तेव्हा समोरून उत्तर आले, "तुमच्याच पानावर हा दर होता, आम्ही त्याप्रमाणे दिले." फरकाची रक्कम पुढे मिळाली, पण पुरी मिळाली नाही. त्या टोळीतील एका वयस्क हमालाने मला एवढेच विचारले, "भाऊ, करार खरा की पान खरे?"

आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला उशिराने दिलेले उत्तर आहे.

प्रथम मला वाटले की हा माझा विसराळूपणा. तो होताच. पण विसराळूपणावर सावधपणा हे औषध लागू पडत नाही, हे चळवळीत तीस वर्षे काढल्यावर मला कळावयास हवे होते. माणूस विसरणारच. दर तीन ठिकाणी लिहिला होता, हीच मूळची चूक. एकच गोष्ट तीन ठिकाणी लिहिली की ती एक गोष्ट राहत नाही. तिच्या तीन गोष्टी होतात, आणि त्या तिघींनी एकमेकींशी जन्मभर जुळते घ्यावे अशी आपण भाबडी अपेक्षा करीत बसतो. नक्कल करण्यास आज कष्ट पडत नाहीत. तिचे कष्ट उद्या पडतात, आणि पुष्कळदा ते नक्कल करणाऱ्याला न पडता दुसऱ्याच कोणाला पडतात.

ही अडचण संगणकाने आणलेली नाही, आणि तिच्यावरचा उपायही संगणकाने शोधलेला नाही. आपल्या घरातील भजनाची वही उघडून पाहा. अभंगाचे ध्रुवपद एकदा पूर्ण छापतात, त्यापुढे 'ध्रु.' अशी खूण करतात, आणि नंतरच्या कडव्यांखाली ते पुन्हा छापीत नाहीत. कडवे संपले की गाणारा आपण होऊन ध्रुवपदाकडे वळतो. यात कागद वाचतो हा लहान लाभ. मोठा लाभ असा की ध्रुवपदातील एखादा शब्द चुकीचा छापला गेला असेल, तर तो एकाच ठिकाणी दुरुस्त करावयाचा. सर्व अभंग आपोआप शुद्ध होतो.

दुसरे उदाहरण शेतकरी बंधूंच्या रोजच्या परिचयाचे आहे. सातबारा हा मुळात एक कागद नव्हे. गाव नमुना सात म्हणजे अधिकारांची नोंद आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद, असे दोन निराळे नमुने एका कागदावर शेजारी आणून ठेवले की त्याला आपण सातबारा म्हणतो. जमीन विकली, वारस लागले, वाटणी झाली, तर त्याची हकीकत सातवर लिहीत नाहीत. ती फेरफाराच्या वहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये लिहितात आणि सातवर फक्त त्या फेरफाराचा क्रमांक येतो. हकीकत एका जागी आणि बाकी ठिकाणी तिचा पत्ता. ज्याने ही पद्धत बसविली त्याला वह्या जुळत्या ठेवण्याचे दुःख चांगले ठाऊक होते, यात मला शंका वाटत नाही.

आता संगणकाच्या पानांकडे वळू. टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थाने जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ साली आपली योजना मांडली आणि १९९१ साली वेब जगाला खुले झाले. त्या आरंभीच्या काळी प्रत्येक पान म्हणजे एक स्वतंत्र लिहिलेला कागदच होता. दहा पानांची जागा असेल तर मथळा दहा वेळा लिहावयाचा, पत्ता दहा वेळा लिहावयाचा. पाने शेकड्यांनी वाढली तेव्हा हे चालणे शक्य नव्हते. तेव्हा दोन वाटा रूढ झाल्या. एकीला मी 'समावेश' म्हणेन आणि दुसरीला 'वारसा'.

समावेशाची वाट सोपी आहे. पत्ता एका वेगळ्या फायलीत एकदाच लिहून ठेवावयाचा आणि प्रत्येक पानावर त्या जागी एवढेच लिहावयाचे, की 'येथे पत्त्याचा तुकडा आणून जोड.' वाचकाला पान पाठविण्यापूर्वी यंत्र तो तुकडा आणते आणि जोडते. वाचकाला जोड दिसत नाही. रास्मुस लेर्डोर्फ याने १९९५ साली लोकांपुढे ठेवलेल्या पीएचपी या साधनामुळे अशी पाने रचणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. आमच्या त्या तीन पानांना एवढी सोय जरी केली असती, तरी ते सात आठवडे टळले असते.

वारशाची वाट याच्या उलट्या बाजूने जाते. ती समजावून देण्यासाठी मी जॅंगो या साधनाचे उदाहरण घेतो. मी स्वतः तेच शिकलो. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे गाव आहे. तेथील 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या कचेरीत २००३ च्या सुमारास एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन या दोघा तरुणांनी ते उभे केले आणि २००५ च्या जुलैत ते सर्वांना फुकट वापरण्यास खुले झाले. नाव ठेवले ते जॅंगो राइनहार्ट या गिटारवादकाचे. वृत्तपत्राची कचेरी म्हणजे घड्याळाशी झुंज. बातमी सकाळी आली तर दुपारी पान तयार पाहिजे. अशा घाईत काम करणाऱ्यांनी बनविलेले हे साधन असल्यामुळे तेच तेच पुन्हा लिहिण्याचा त्याला तिटकारा आहे.

समजा, आपल्या लासलगावच्या बाजारासाठी अशी पाने रचावयाची आहेत. येथील बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली. मुख्य आवार लासलगावचे. निफाड आणि विंचूर ही उपआवारे. तिन्ही पानांवर मथळा एक, तक्रारीचा पत्ता एक, रचना एक. पण भाव निराळे, सूचना निराळ्या. तेव्हा प्रथम एक मूळ पान लिहावयाचे. त्यात जे सर्वांना समान ते लिहून टाकावयाचे आणि जे निराळे त्याच्यासाठी भिंतीत कोनाडे ठेवावे तशा नाव घातलेल्या रिकाम्या जागा ठेवावयाच्या : हा शीर्षकाचा कोनाडा, हा भावाचा कोनाडा, हा सूचनेचा कोनाडा. विंचूरचे पान लिहिताना पहिल्याच ओळीत सांगावयाचे, 'मी अमुक मूळ पानाचा वारस आहे.' त्यानंतर विंचूरने फक्त आपले कोनाडे भरावयाचे. जो कोनाडा त्याने भरला नाही, तेथे मूळ पानात जे ठेवले असेल तेच दिसेल. मूळ पानातले राहू देऊन त्यात स्वतःची भर घालावी, अशीही सोय आहे. मात्र कोनाड्याबाहेर विंचूरने काही लिहिले, तर ते पडद्यावर मुळीच उमटत नाही. वारसाला घर मिळते, भिंती पाडण्याचा अधिकार मिळत नाही.

दोन्ही वाटांमधील भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. समावेशात सूत्रे पानाच्या हाती असतात. ते म्हणते, 'तुकड्या, इकडे ये.' वारशात सूत्रे मूळ पानाच्या हाती असतात. ते म्हणते, 'घराची रचना माझी, कोनाड्यात काय ठेवावयाचे ते तू पाहा.' बहुतेक कामांत दोन्ही लागतात. आणि दोन्ही एकत्र आल्या की एक पेच उभा राहतो. त्या पेचाने माझ्या तीन संध्याकाळी खाल्ल्या. म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

मी दरपत्रकाचा तुकडा वेगळा केला होता आणि मूळ पानात त्याचा समावेश केला होता. एका आवाराला दरपत्रकाखाली स्वतःची एक टीप हवी होती. मी विचार केला, सोपे आहे. दरपत्रकाच्या तुकड्यातच 'टीप' नावाचा कोनाडा ठेवू आणि त्या आवाराच्या पानाने तो भरावा. तसे केले. पान उघडले. टीप नाही! पुन्हा तपासले, शुद्धलेखन तपासले, फाईल तपासली. टीप नाही, आणि यंत्र चूकही सांगत नाही. मजुराच्या अर्जावर कचेरीने होही म्हणू नये आणि नाहीही म्हणू नये, तसा प्रकार झाला.

कारण कळले तेव्हा माझे मलाच हसू आले. वारस पानाला भरता येतात ते मूळ पानाच्या स्वतःच्या भिंतीतील कोनाडे. समावेश केलेला तुकडा हा त्या भिंतीचा भाग नसतो. तो सुताराकडून पुरा तयार होऊन आलेल्या कपाटासारखा असतो. तो आपल्या जागी येतो तो शिजून, छापून, वाळून. त्याच्या आतला कोनाडा त्याच्या घरीच भरला गेलेला असतो. आपल्या वारसाला तो दिसतही नाही.

यावर उपाय तीन आहेत. पहिला, कोनाडा तुकड्यात न ठेवता मूळ पानात ठेवावा आणि तुकडा त्या कोनाड्यात बसवावा. म्हणजे ज्याला काही बदलावयाचे नाही त्याला समान दरपत्रक आपोआप मिळते. ज्याला भर घालावयाची आहे तो 'मूळचे राहू दे, त्यात हे घाल' असे सांगतो. दुसरा, तुकडा मागवितानाच त्याच्या हाती चिठ्ठी द्यावी : 'दरपत्रक आण, आणि टीप म्हणून हे शब्द घाल.' सुताराला कपाट सांगतानाच माप सांगावे, तसे हे आहे. कपाट दारात आल्यावर माप बदलत नाही.

तिसरा उपाय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुष्कळदा एकच मजकूर त्याच पानावर दोन ठिकाणी लागतो. जसे आवाराचे नाव पानाच्या मथळ्यातही हवे आणि खिडकीच्या पट्टीवरही हवे. एका पानात एकाच नावाचे दोन कोनाडे जॅंगो चालवून घेत नाही. येथे मात्र तो स्पष्टपणे चूक दाखवितो. २०२५ च्या डिसेंबरात आलेल्या सहाव्या आवृत्तीत एखाद्या तुकड्याला नाव देऊन त्याच फायलीत तो पुन्हा वापरण्याची सोय झाली आहे, आणि ती उपयोगाची आहे. पण मूळ विचार असा करावा, की ही गोष्ट पानाची आहे काय? आवाराचे नाव, गोणीचा दर, कराराची तारीख या गोष्टी पानाच्या नव्हेतच. त्या नोंदवहीत, म्हणजे माहितीच्या साठ्यात, एकदा लिहाव्या आणि पानांनी त्या तेथून घेऊन दाखवाव्या. पानाने दाखवावे, ठरवू नये. त्या वयस्क हमालाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे : खरा करारच; पान हा त्याचा आरसा आहे. आम्ही आरशावर रंगाने तोंड काढून ठेवले होते.

कोणी म्हणेल, ही सगळी परक्या देशांची उदाहरणे झाली. मराठीत हे कोठे चालते? चालते, आणि मोठ्या प्रमाणावर चालते. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. तेथे या प्रकाराला 'साचा' असा आपला जुना, कारागिराचा शब्द आहे. गावावरील लेखाच्या बाजूला जी चौकट दिसते, तिची रचना लेखात लिहिलेली नसते; लेखक महिरपी कंसांच्या दोन जोड्यांत साच्याचे नाव लिहितो आणि तालुका, जिल्हा, लोकसंख्या अशी आपापली माहिती त्याला देतो. मी सांगितलेला चिठ्ठीचा उपाय तो हाच. साच्याच्या पानावर साचा कसा वापरावा याची माहितीही असते, पण ती लेखात येऊ नये म्हणून तिला निराळ्या खुणांत ठेवण्याची सोय आहे. साचा एकदा दुरुस्त केला की तो वापरणारे सर्व लेख दुरुस्त होतात. अर्थात साचा बिघडविला तर सर्व लेख बिघडतात! म्हणून जे साचे पुष्कळ लेखांत लागतात ते विकिपीडियावर सुरक्षित करून ठेवता येतात; मग कोणीही येऊन त्यांना हात लावू शकत नाही. आणि हा साचा कोठकोठे वापरला आहे, याची यादी कोणालाही पाहता येते. या दोन गोष्टी, बदलण्याचा अधिकार कोणाला आणि बदलाचा परिणाम कोणाकोणावर, मला तंत्राहून मोठ्या वाटतात. येथून पुढे मी माझ्या नेहमीच्या प्रांतात येतो.

बंधूंनो, कामगार कायद्यात आम्ही हा साच्यांचा खेळ फार वर्षे पाहिला आहे. १९४६ साली औद्योगिक नोकऱ्यांतील स्थायी आदेशांचा कायदा झाला. हजेरी कशी, रजा कशी, शिक्षा कोणी व कोणत्या चौकशीने करावयाची, याचा एक नमुना सरकारने घालून दिला. त्याला नमुना स्थायी आदेश म्हणत. कारखान्याने स्वतःचे आदेश मंजूर करून घेईपर्यंत तो नमुनाच लागू, अशी तरतूद १९६३ साली आली. हे मूळ पान आणि वारस पानच झाले की नाही? जो कोनाडा कारखान्याने भरला नाही, तेथे मूळचे राहिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता अमलात आली आणि तिने त्या कायद्याची जागा घेतली. माथाडी-हमालांसाठी १९६९ साली महाराष्ट्राने जो कायदा केला, त्याचीही घडण अशीच आहे : कायदा एक, त्याखाली निरनिराळ्या धंद्यांसाठी योजना, आणि त्या चालविण्यास मंडळे.

करार करताना आम्ही एक गोष्ट शिकलो आहोत. स्थानिक करार मूळ कराराहून जास्त देणारा असेल तर तो करावा. कमी देणारा असेल तर त्याला वाव ठेवू नये. पानांचेही तसेच आहे. मूळ पान लिहिताना सर्वांत मोठा निर्णय कोणता असेल, तर कोनाडा कोठे ठेवावयाचा हा. सूचनेचा कोनाडा असावा. प्रत्येक आवाराची अडचण निराळी. पण तक्रार कोणाकडे करावयाची हे लिहिलेली ओळ कोनाड्यात ठेवली, तर एखादे आवार एक दिवस तो कोनाडा रिकामा ठेवील, आणि ओळ पुसली गेल्याचे कोणाला कळणारही नाही. ती ओळ भिंतीत कोरलेली पाहिजे. उलट सर्वच भिंती कोरून टाकल्या आणि एकही कोनाडा ठेवला नाही, तर आवारे कंटाळून मूळ पानाला रामराम ठोकतील आणि पुन्हा नकला काढतील. मध्यवर्ती सत्ता आणि स्थानिक स्वातंत्र्य यांचा जो झगडा आपण राज्यकारभारात आणि संघटनेत पाहतो, तो येथे एका फायलीत पाहावयास मिळतो.

आणखी एक धोका सांगतो. तो न सांगितला तर मी एकाच बाजूची वकिली केली असे होईल. लासलगावकरांना गेल्या काही वर्षांतील कांद्याच्या निर्यातीचे नियम तोंडपाठ असतील. ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क बसले. ऑक्टोबरअखेर टनाला आठशे डॉलर अशी किमान किंमत ठरली. ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण टनाला साडेपाचशे डॉलर किमान किंमत आणि चाळीस टक्के शुल्क राहिले. सप्टेंबरात किमान किंमत गेली आणि शुल्क वीस टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. सुमारे वीस महिन्यांत सहा बदल! हा नियम बारा पानांवर उतरवून ठेवणाऱ्याला बहात्तर दुरुस्त्या कराव्या लागल्या असत्या आणि एखादी तरी राहिलीच असती. त्या राहिलेल्या ओळीवर विसंबून कोणी चाळीतला कांदा काढला असता किंवा कोंडून ठेवला असता. तेव्हा आजचा नियम सांगणारा मजकूर एकाच ठिकाणी असावा, हे उघड आहे.

पण आता दुसरी बाजू पाहा. जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे बंदीच्या काळात, एखाद्या शेतकऱ्याने माल विकला आणि त्याला हिशेबपट्टी मिळाली. त्या पट्टीवर भाव, वजन, हमाली, तोलाई असे सारे लिहिले आहे. ती पट्टी जर अशा रीतीने संगणकावर ठेवली असेल, की दर नोंदवहीतून घ्यावयाचा, तर आज दर बदलला की ती जुनी पट्टीही बदलेल. आज तीवर आजची हमाली दिसेल! हा तर अनर्थ झाला. झालेला व्यवहार, सह्या झालेला करार, दिलेली पावती, सभेचे इतिवृत्त यांची नक्कलच पाहिजे. ती त्या दिवशी जशी होती तशीच गोठवून ठेवली पाहिजे, मग मूळ साचा शंभर वेळा बदलो. जो मजकूर 'आज काय आहे' हे सांगतो तो एकदाच लिहावा आणि सर्वत्र आणावा. जो 'त्या दिवशी काय झाले' हे सांगतो तो त्या दिवशीच उतरवून ठेवावा आणि पुन्हा त्याला हात लावू नये. सातबाऱ्याची जुनी पद्धत येथेही शहाणी आहे : नवा फेरफार येतो तेव्हा जुन्या नावाला कंस होतो, जुना फेरफार वहीतून नाहीसा होत नाही.

हा भेद ओळखणे हे मी या सगळ्या उद्योगात शिकलेल्या गोष्टींचे सार समजतो. तंत्र शिकविणारे पुष्कळ आहेत. पण कोणती ओळ जिवंत आणि कोणती ओळ दस्तऐवज, हे तंत्रज्ञ सांगू शकत नाही. ते व्यवहार करणारा सांगतो : मापारी सांगेल, शेतकरी सांगेल, गोणी वाहणारा सांगेल. म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. आपली पतसंस्था, आपले वाचनालय, आपली शाळा, आपली संघटना यांची पाने कोणी तयार करून देत असेल, तर पान सुंदर दिसते की नाही एवढेच पाहून समाधान मानू नका. तीन प्रश्न विचारा. हा मजकूर किती ठिकाणी लिहिला आहे? तो बदलण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि तो बदलला तर कोणाकोणाच्या हाती निराळा कागद पडेल? उत्तर देणारा गडबडला, तर काम अजून पुरे झालेले नाही असे समजा.

आमची पाने आता नव्याने रचली आहेत. दर एका नोंदवहीत आहे. तिन्ही पाने तो तेथून घेतात. तक्रारीची ओळ मूळ पानाच्या भिंतीत आहे. दराशेजारी तो कोणत्या तारखेच्या करारातला आहे हेही उमटते, आणि जुने करार सह्यांसह जसेच्या तसे वेगळे ठेवले आहेत. दर बदलावयाचा तर दोघांनी पाहिल्याशिवाय तो बदलत नाही. हे सर्व करून झाल्यावर मी ते त्या वयस्क हमालाला फोनवर दाखविले. त्यांनी दर वाचला, तारीख वाचली, आणि म्हणाले, "भाऊ, आता दोघांचे एक मत दिसते." करार आणि पान यांचे एकमत! याहून मोठी शाबासकी मला नको होती.

मात्र त्या सात आठवड्यांचा पुरा फरक त्या टोळीला अजून मिळालेला नाही. साचा सुधारला म्हणून झालेली चूक पुसली जात नाही. ती वेगळी भरून द्यावी लागते. ते काम माझ्याकडे शिल्लक आहे, आणि चारचौघांत बोललो म्हणजे ते विसरता येणार नाही, म्हणून येथे मुद्दाम बोललो.